कुणाच्या मापाचा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर लोकरीचं कापड पसरलेलं, तोंडात टाचण्या, हातात खडू, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये आई. ती मिरजेत, मी कोपनहेगनला, आणि आमच्या या रविवारच्या कॉलला विषय असा काही लागत नाही, ती भाजी निवडते, मी माझं काहीतरी करत असते, मध्येच कुणीतरी बोलतं. तर तिने चष्मा वर सरकवला आणि विचारलं, एवढं काय कापतेस गं. म्हटलं झगा. साधारण सहाशे वर्षांपूर्वीचा, बाईचा, इथल्या म्युझियममध्ये आहे, त्याच्या ड्रॉइंगवरून काढतेय. तिला सहाशे वर्षांचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "ते असू दे, पण कुणाच्या मापाचा?"

माझ्याच, म्हटलं. ड्रॉइंग तिचं, पण वाढवून घेतलंय माझ्या अंगाला. "तिचं म्हणजे कुणाचं?" आता आली का पंचाईत. म्हटलं, माहीत नाही, कबरीत सापडला तो. पलीकडे मेथीची काडी हातातच राहिली. "मयताच्या अंगावरचा?" हो. "आणि तू तो शिवून घालणार?" मी काहीतरी इतिहास, अभ्यास, छंद असं पुटपुटले. ती म्हणाली बरं, कढी ठेवलीय गॅसवर, उतू जाईल, आणि फोन ठेवला.

कढी वगैरे काही नव्हती. दुपारी तीनला कोण कढी करतं.

आईने चाळीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. पायाचं मशीन, खिडकीजवळ, आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये मापांची डायरी. त्यात कुणाचं नाव कधी नसायचं. बँकेतल्या बाई, कोपऱ्यावरच्या काकू, दुधवाल्यांची धाकटी सून, असं वर लिहिलेलं आणि खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा. शेवटी शिलाई मिळाली की बाकी ते. पानाच्या कोपऱ्यात एखादी नोट, 'डावा खांदा उतरता' किंवा 'घट्ट नको म्हणतात पण घट्टच लागतो'. त्यातल्या बऱ्याच बायका आता नाहीत. पानं तशीच आहेत. म्हणून तिच्यासाठी कपडा म्हटला की आधी माणूस, मग कापड, मग रंग. मी उलटी सुरुवात केली होती, आणि ती एका प्रश्नात पकडली गेली, आणि खरं सांगते दोन दिवस मी त्या कापडाला कात्री लावली नाही.

झगा हेर्योल्फ्सनेसचा. ग्रीनलंडच्या पार दक्षिण टोकाजवळ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडून येऊन वसलेल्या लोकांचं चर्च होतं, आणि समुद्र हळूहळू त्याची स्मशानभूमी खात होता, लाटांबरोबर हाडं आणि कापडाचे तुकडे किनाऱ्यावर यायचे. १९२१ साली डॅनिश नॅशनल म्युझियमकडून पाउल नॉरलुंड तिथे खणायला गेला आणि गोठलेल्या जमिनीतून त्याने झगे, टोप्या, मोजे काढले. नुसते तुकडे नाहीत, घालता येतील असे अख्खे झगे, म्हणजे शिवण कुठे, कळी कुठे, हे बोट ठेवून दाखवता येईल असे. मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांचे थोडेफार कपडे चर्चच्या कपाटांतून टिकलेत, स्वीडनमधल्या उप्सालाच्या कॅथिड्रलमध्ये मार्गारेटा राणीचा सोनेरी झगा आहे, पण शेतात राबणाऱ्या, मेंढ्या राखणाऱ्या माणसांनी रोज अंगात घातलेलं असं इतकं कुठून मिळणार. कपडा फाटेपर्यंत वापरायचा, मग पोराला करायचा, मग फडकं, मग वात. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं. इथे तो उरला त्याचं एक कारण, लाकूड नव्हतं. ग्रीनलंडला झाडं जवळजवळ नाहीतच, शवपेटी सगळ्यांना कुठून आणणार, मग माणसाला जुन्या झग्यातच गुंडाळून पुरायचं. कधी एकाला एक झगा घातलेला आणि पायांभोवती दुसऱ्याच झग्याचा कापलेला तुकडा. त्यामुळे आईच्या प्रश्नाचं उत्तर तज्ज्ञांकडेही सरळ नाही. झग्यात जी सापडली तिच्याच मापाचा तो झगा असेल असं नाही. तो बहिणीचा असेल, सासूचा असेल, आदल्या वर्षी गेलेल्या शेजारणीचाही असेल.

मी पहिल्यांदा तो काचेमागे बघितला तेव्हा मला वाटलं होतं रंगच असा आहे. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. म्युझियममध्ये तिघीचौघी शाळकरी मुली माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या बघून पुढे गेल्या, आणि मी मात्र तिथे अडकले कारण मला खालच्या घेरात कळ्या दिसल्या. कळ्या! पुढे मध्यभागी एक, मागे एक, आणि दोन्ही बाजूंना ओळीने. आमच्याकडे परकराला घालायचो तशाच, वर टोकदार आणि खाली रुंद. वरचा भाग अंगासरशी, आणि कंबरेखाली कापड असं सुटतं की चालताना पायात येणार नाही. आणि मग कळलं की तो तपकिरी रंग मातीचा. नंतर एल्से ओस्टरगॉर या बाईंनी हे कपडे धागा धागा करून तपासले, रंगांची परीक्षा झाली, त्यात दगडफुलासारख्या शेवाळीपासून काढलेला जांभळा मिळाला, मंजिष्ठाचा लाल मिळाला, आणि मंजिष्ठा तर ग्रीनलंडला उगवतही नाही, म्हणजे जहाजातूनच आला. बाकी बरंच काही मेंढीचाच रंग, पांढरा, करडा, काळा. म्हणजे आपण ज्याला बघून 'बिचाऱ्या, किती मळकट कपडे' म्हणतो तो मळ सहाशे वर्षांचा आहे, तिचा नाही.

कापड मात्र मी नाही विणलं. ते कबूल करायला हवं, कारण या छंदातली कडवी मंडळी मला इथेच बाद करतील. मी टकळी घेतली होती मध्ये हौसेने, आठ दिवसांत जेमतेम एक गुंडी सूत काढलं, त्यातही गाठी, आणि मग हात जोडले. तिकडे तर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, मेंढीच्या वरच्या लांब, राठ केसांचा कडक पिळाचा दोरा, आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, आतल्या मऊ लोकरीचा सैल दोरा, म्हणजे एकाच मेंढीची लोकर निवडून दोन ढीग करायचे, दोन प्रकारे कातायचे, दोन वेगळ्या दिशांना पीळ द्यायचा. माग उभा, भिंतीला टेकवलेला, ताण्याच्या टोकांना खाली दगड बांधलेले, आणि बाई उभ्याने येरझाऱ्या घालत विणणार. शिवाय ग्रीनलंडच्या कापडात उभ्यापेक्षा आडवे धागे जास्त भरलेले असतात, इतर ठिकाणी सहसा असं नसतं. थंडीसाठी असावं असं म्हणतात, मऊ लोकर जास्त म्हणजे ऊब जास्त. मी दुकानातून मशीनवर विणलेलं करडं ट्विल, तिरप्या विणीचं कापड, आणलं, महागच मिळालं, आणि घरी आल्यावर कोमट पाण्यात भिजवलं. ओलं झाल्याबरोबर जो वास आला ना, मला एकदम आमच्या ओसरीवरची घोंगडी आठवली, पावसात भिजून आलेली, खळ सुटून बुळबुळीत झालेली, चिंचोक्याचा आणि मेंढीचा मिसळलेला वास. कोपनहेगनच्या बाथरूममध्ये बादलीपाशी उकिडवी बसले होते मी आणि नाकात मिरजेचा जुलै.

तर कापणी. मंगळवारी शेवटी धीर केला.

ड्रॉइंग बघताना सगळ्यात आधी लक्षात येतं ते काटकसरीचं. आपण आज ब्लाउजपीस कापतो तेव्हा वाकड्या रेषा, गोलाई, आणि उरलेल्या चिंध्या पिशवीत. या झग्यात सगळं सरळ आणि तिरकं. लांब पट्टे, त्रिकोण, आणि एका कळीचा तिरका काप म्हणजेच दुसऱ्या कळीची कड. एक सुलटी, एक उलटी, अशा लावल्या की मध्ये काही वायाच जात नाही. माझ्या हातात शेवटी उरलेलं कापड एका वाटीत मावलं. तरीही, आणि इथेच माझं शहाणपण नडलं, मला वाटलं की यातल्या काही गोष्टी केवळ कापड पुरवण्यासाठी आहेत. उदाहरणार्थ बाही. ती सरळ एका तुकड्याची नाही, तिच्या मागच्या बाजूला एक त्रिकोणी तुकडा जोडलेला दिसतो, आणि बाहीची शिवण काखेखाली येत नाही, मागे सरकलेली आहे. मी मनात म्हटलं, बिचारीला कापड कमी पडलं असणार, जोड दिलाय. माझ्याकडे तर भरपूर आहे. मी बाही अखंड कापली, शिवण नेहमीसारखी काखेत घेतली, आणि वर स्वतःला शाबासकी दिली.

शिवायला तीन आठवडे गेले, सगळं हाताने, लोकरीच्याच दोऱ्याने, कारण मूळ झगेही लोकरीच्या दोऱ्याने शिवलेत. धावदोरा घालून मग आतली कड मुरडून बारीक हेमिंग. मूळ कपड्यांच्या कडांना तर काठावरून अशी काही दाट शिलाई घातलीय की लांबून वेगळी किनार विणल्यासारखी दिसते, त्याने कड ताणली जात नाही आणि उसवतही नाही. ती मी फक्त गळ्याला केली आणि बोटाला भोकं पडली. रात्री नवरा झोपल्यावर दिव्याखाली बसायचे आणि मनात आईचा प्रश्न घोळायचा. कुणाच्या मापाचा. मयताचा कपडा म्हणजे आपल्याकडे हात न लावायची गोष्ट, अंगावरचा तर राहोच, शेवटच्या दिवशीची साडीसुद्धा घरात ठेवत नाहीत. पण त्याच आजीच्या ट्रंकेतल्या साड्यांची गोधडी होते आणि ती नेमकी नातवंडाच्या पाळण्यात जाते, आणि सगळे म्हणतात बघ कसं गाढ झोपलंय. ही रेघ नेमकी कुठे आखतो आपण? मला तेव्हाही कळली नव्हती, आताही नाही.

नॉरलुंडला तिथे एक पेटी मिळाली होती. थोड्याच पेट्या होत्या, त्यातली एक. उघडली तर आत माणूसच नाही. फक्त एक लाकडी काडी, तिच्यावर रून या नॉर्स लोकांच्या जुन्या लिपीत कोरलेलं की ही बाई, गुडवेग नावाची, ग्रीनलंडच्या समुद्रात जहाजावरून सोडली गेली. वाटेत वारली असणार, अंग समुद्राला दिलं, आणि नाव तेवढं किनाऱ्यावर आणून पेटीत घालून पुरलं. मी हे वाचलं तेव्हा सुई तशीच हातात धरून बसून राहिले. एवढ्या झग्यांमध्ये कुणाचं नाव नाही आणि एक नाव आहे तर तिचा झगा नाही.

कागदावर तर बायकांचं काय लिहिलंय म्हणा. ग्रीनलंडच्या नॉर्स वस्तीची शेवटची लेखी बातमी लग्नाची आहे, सप्टेंबर १४०८, ह्वालसेयच्या चर्चमध्ये सिग्रिड ब्यर्न्सडॉटिरचं थॉरस्टाइन ओलाफसनशी लग्न लागलं. पुढे आइसलँडमध्ये त्याच्या साक्षी झाल्या, कोण हजर होतं त्यांची नावं आहेत. नवरीने काय नेसलं होतं ते एकाही साक्षीदाराने सांगितलं नाही. आमच्या घरातली कुठलीही बाई तिथे असती तर सगळ्यात आधी तेच सांगितलं असतं, आणि काठ केवढा होता तेही.

आतल्या कपड्यांचं अजूनच वेगळं. या झग्यांच्या आत बाई काय घालत असेल, तर जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा सदरा, हे चित्रांतून आणि कागदपत्रांतून माहीत आहे, पण हेर्योल्फ्सनेसला तो टिकलेला नाही. आंबट माती झाडापासूनचा धागा खाऊन टाकते आणि लोकर सोडते. चुन्याच्या जमिनीत उलटं, लोकर जाते. म्हणजे जमीनच ठरवते आपल्याला बाईचं कुठलं वस्त्र बघायला मिळणार ते. आतलं बघायचं तर पार दुसरीकडे जावं लागतं, ऑस्ट्रियात, पूर्व टिरोलमधल्या लेंगबर्गच्या किल्ल्यात. तिथे २००८ साली दुरुस्ती करताना एका मजल्याच्या पोकळीत भरून टाकलेला कचरा निघाला, कोरडा, आणि त्यात दोन हजार सातशेच्या वर कापडाचे तुकडे. त्यात चार वस्त्रं पंधराव्या शतकातली लिननची, छातीसाठी दोन वेगवेगळे फुगीर भाग शिवलेली, एकाला बाजूने दोरी ओवायला भोकं, लेससुद्धा. इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्झ यांनी ती २०१२ मध्ये जगासमोर आणली तेव्हा पेपरांनी 'ब्रा सहाशे वर्षं जुनी!' म्हणून नुसता धुरळा उडवला, कारण तोपर्यंत सगळे समजत होते की ती विसाव्या शतकाची देणगी. मी त्याचा फोटो आईला पाठवला. (मधल्या काळात आमचं बोलणं सुरू झालं होतं, कढीचा विषय दोघींनी काढला नाही.) तिने फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला असणार कारण उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच, "कटोरी आहे ही. टक्स नाहीत. कापून जोडलीय. हात चांगला आहे."

हात चांगला आहे! सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईला आईचं सर्टिफिकेट. आमच्या गल्लीत ते दोघींनाच मिळालं होतं.

मला एक गोष्ट मात्र फार आवडली आणि ती कुणाला तरी सांगायचीच होती. काही झग्यांना खिसा नाही, पण खिशाची फट आहे. पुढच्या बाजूला उभी चीर, कडेला अरुंद गोफ लावून पक्की केलेली, म्हणजे त्यातून हात आत घालायचा आणि आत कंबरेला बांधलेला बटवा किंवा सुरी काढायची. आणि मी दर वेळी कुर्ता घेताना खिसा आहे का विचारते तर दुकानदार माझ्याकडे बघतो जणू मी हेलिकॉप्टर मागितलं. आणि टोप्या! खांद्यापर्यंत येणारी, गळा झाकणारी, आपल्या बाळाच्या कुंचीसारखीच, पण मागे लांबलचक शेपटी. ती शेपटी कशाला तर काही कशाला नाही, फॅशन. तेव्हा सगळ्या युरोपात ती होती. जगाच्या टोकाला, मेंढ्या आणि वॉलरसचे दात यांवर जगणारी माणसं, वर्षातून कधीतरी जहाज येणार, आणि त्या जहाजातून उतरलेल्या कुणाच्या तरी डोक्यावरची शेपटी बघून यांनी घरी तशीच शिवली. एक उंच टोपी पण आहे, नॉरलुंडला ती बघून वाटलं ही पंधराव्या शतकाच्या शेवटची, फ्रान्सकडच्या बर्गंडी दरबारातली फॅशन, म्हणजे वस्ती तोपर्यंत होती आणि जहाजं येत होती. नंतर कार्बन डेटिंग केलं तर टोपी कितीतरी जुनी निघाली. एका टोपीवर उभारलेली अख्खी गोष्ट खाली बसली.

असो. झगा झाला. परवाच्या रविवारी घातला, आत सुती परकर आणि जुना कुर्ता, कारण लिननचा सदरा अजून व्हायचाय. जड, पण खांद्यावर भार येत नाही, कळ्यांमुळे तो खाली पसरतो. आईला फोन लावला आणि लांब उभी राहिले. ती काही बोलली नाही, फक्त हाताने खूण केली, वळ. वळले. मग म्हणाली, हात वर कर. मी हात वर केले आणि काखेत टर्र्र.

डावीकडची शिवण चार बोटं उसवली. शिवाय हात वर गेल्याबरोबर सगळा झगा पोटरीपर्यंत वर आलेला.

आई हसली नाही. चष्मा काढून, पदराने पुसून, परत लावून म्हणाली, "काखेत शिवण घेतलीस ना? तिथे ताण येतो. अंगरख्याला, जुन्या चोळीला काय असायचं आठव. शिवण मागं न्यायची आणि त्रिकोण घालायचा. माया पण सोडलेली नाहीस, आता जोड दे." मी टेबलावरचं ड्रॉइंग उचललं. बाही, मागची बाजू, तो त्रिकोण. तिथेच होता. ज्याला मी कापड कमी पडल्याचा जोड समजले तो हात वर करायला ठेवला होता, बाळ उचलायला, उंचावरचं काही काढायला, त्या उभ्या मागापुढे दिवसभर हात वर धरून विणायला. आईने तो झगा कधी बघितलेला नव्हता, ड्रॉइंग तर नाहीच.

मी तिला ड्रॉइंग कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, जवळ घे, खाली घे, मागची बाजू दाखव, असं. मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज. म्हणाली आकडे सांग. कसले? "अगं तिचे. माझ्या पद्धतीने सांग, इंचात." मी सेंटिमीटरचे इंच करत एकेक सांगत गेले, ती लिहीत गेली, मध्ये एकदा म्हणाली, "बारीकच होती की."

संध्याकाळी फोटो आला. डायरीचं नवं पान. वर लिहिलंय, ग्रीनलंडच्या बाई. खाली उंची, छाती, मुंढा, बाही. कोपऱ्यात नोट, 'काखेत त्रिकोण, शिवण मागे, हाताचं काम फार'. आणि शेवटच्या ओळीत, शिलाई बाकी.